पलटणीच्या बँडमधील वादक आणि त्याची फिरती

लष्करी बँडमध्ये भरती होऊ पाहणाऱ्या वादकाने आपल्या वाजवण्याचा जितका विचार करावा, त्याहून अधिक फिरतीचा करावा. कारण दौऱ्यावर असताना त्याचा प्रत्यक्ष वाजवण्याचा वेळ मोजला, तर प्रवासात, मैदानावर उभे राहण्यात आणि पुढच्या हुकमाची वाट पाहण्यात जाणाऱ्या वेळेपुढे तो थोडाच भरतो. पिंपरी पेंढार, ओतूर, आळेफाटा, नारायणगाव या जुन्नर तालुक्यातील टापूत आणि पलीकडे आंबेगाव तालुक्यात लग्नसराईला बँड किंवा बेंजो पार्टीत वाजवणारे अनेक तरुण आहेत. आपले हे कसब सैन्यात उपयोगी पडेल काय, असा विचार करणाऱ्यांना आणि त्यांच्या पालकांना उद्देशून हे विवेचन केले आहे.

फिरत्या वादकाचे जिणे या भागाला अपरिचित नाही. तमाशापंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या, म्हणजे तात्पुरत्या तंबूतील कचेऱ्या, उभ्या राहतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तेथे येऊन फडांना सुपारी देतात. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि कडी वाजवणारी माणसे त्यानंतर रोज नव्या गावात खेळ करतात, पहाटे सामान ट्रकमध्ये भरतात आणि वाटेत मिळेल तेवढी झोप घेतात. हलगीवाला खेळाआधी जाळावर हलगी शेकून तिचे कातडे ताणून घेतो. हवा बदलली की वाद्य बदलते आणि त्याची चाहूल वादकाला आधी लागली पाहिजे, हे शास्त्र त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. लष्करी बँडच्या दौऱ्यातील निम्मे ज्ञान असे या मातीत आधीपासून आहे. उरलेले निम्मे, म्हणजे लिखित स्वरलिपी आणि दररोज तंतोतंत तेच करण्याची सवय, मात्र शिकावे लागते.

या दोन फिरत्यांत एक मोठा फरक आहे आणि तो पालकांनी नीट समजून घ्यावा. फडातील वादक हंगामाआधी घेतलेल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, बांधलेला असतो आणि ती फिटेपर्यंत त्याला फड सोडता येत नाही. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी ऐन खेळाच्या रात्री पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर पाऊल ठेवल्याचा प्रसंग त्यांची थोरवी सांगण्यासाठी नेहमी सांगितला जातो. परंतु ऐनवेळी दुसऱ्या कोणी उभे राहावे अशी सोय फडात नव्हती, हेही त्यातूनच दिसते. पलटणीत ती सोय असते. वादक आजारी पडल्यास त्याने सकाळीच 'सिक रिपोर्ट' करावी, म्हणजे आजारपणाची रीतसर नोंद करवून डॉक्टरांकडे जावे. त्याची जागा भरण्याचा विचार बँडमास्तर करतो. अंगात ताप असताना गप्प राहून रांगेत उभे राहणे गावाकडे हिमतीचे मानले जात असले, तरी परेडच्या मधोमध कोसळणारा वादक रांगही मोडतो आणि शेजाऱ्याचे वाद्यही.

लष्करी बँड मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला ब्रास बँड; नाव पितळेचे असले तरी त्यात क्लॅरिनेट, बासरी आणि सॅक्सोफोनही असतात आणि त्यांच्या जोडीला ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा व तालवाद्ये वाजतात. दुसरा पाइप बँड. यात बॅगपाइप म्हणजे मशकबाजा आणि ढोल एवढाच संच असतो. मशकबाजाची स्वर काढण्याची नळी केवळ नऊ स्वर देते आणि खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या अखंड षड्ज धरून ठेवतात, त्यामुळे तो शिकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात पिशवीवरील कोपराचा दाब आणि तोंडातील फुंकर यांचा मेळ बसण्यास दीर्घ अभ्यास लागतो. सनई वाजवणाऱ्या घरातील मुलाने या दुसऱ्या प्रकाराकडे आवर्जून पाहावे.

प्रवेशाचे मार्ग अनेक असले तरी मराठी तरुणाला जवळचे नाव मराठा लाइट इन्फंट्रीचे आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली उभी राहिली आणि तिचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. पुण्यातच खडकी येथे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाचे, केंद्र आहे. १५ जानेवारी २०२५ रोजी सेनादिनाचे संचलन याच केंद्राच्या मैदानावर झाले. नौदलाच्या वादकांचे शिक्षण मुंबईत कुलाब्याच्या आयएनएस कुंजाली या तळावर होते. जून २०२२ पासून लागू झालेल्या अग्निपथ योजनेत वायुदल आणि नौदल वादकांसाठी वेगळ्या जाहिराती काढतात. या योजनेतील नोकरी चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम केले जाते, हा हिशेब घरी बसून आधीच करावा. वय, शिक्षण आणि वाद्यांची यादी जाहिरातीगणिक बदलत असल्याने ती मूळ जाहिरातीतच वाचावी. भरती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. ज्यांना घरापासून फार दूर जायचे नाही, त्यांनी महाराष्ट्र पोलीस दलातील बँड्समन या पदाचाही विचार करावा. तेथील फिरती बहुतेक राज्याच्या हद्दीतच राहते.

लष्करी संगीताचे उच्च शिक्षण मध्य प्रदेशातील पचमढी येथे मिळते. जनरल करिअप्पा यांच्या प्रोत्साहनाने १९५० साली तेथे सुरू झालेली शाळा आज मिलिटरी म्युझिक विंग या नावाने ओळखली जाते आणि बँडमास्तर तेथूनच तयार होतात. पिंपरी पेंढारच्या माणसाला ती वाट वाटते तितकी आडवळणाची नाही; ओतूरवरून माळशेज घाट उतरून कल्याण गाठावे आणि तेथून इटारसी–जबलपूर मार्गावरील पिपरिया स्थानकाची गाडी धरावी, पुढे सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता उरतो. अर्थात तेथे स्वतःहून जाऊन प्रवेश मिळत नाही, पलटणच पाठवते.

भरतीच्या चाचणीत मराठी बँडवाल्याची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे स्टाफ नोटेशन, अर्थात पाच आडव्या रेषांवर स्वर आणि त्यांचा काळ लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत. लग्नाच्या बँडमध्ये चाल कानाने उचलली जाते. मोबाइलवर गाणे दोनदा ऐकले की क्लॅरिनेटवाला ते वरातीत वाजवतो. ही कला कमी दर्जाची मानण्याचे कारण नाही, कारण संचलनात चालताना बहुतेक धुना पाठच असाव्या लागतात आणि कानावर वाढलेल्या वादकाचे पाठांतर पक्के असते. परंतु पन्नास माणसांच्या बँडमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला चाल येत नाही. युफोनियमवाल्याला कधी बारा मात्रा थांबून चारच स्वर वाजवायचे असतात आणि ते स्वर कोणत्याही मूळ गाण्यात ऐकू येत नाहीत, केवळ कागदावर दिसतात. गोव्यातील वादक पूर्वीपासून लष्करी बँडमध्ये आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात सहज सामावले गेले, याचे एक कारण असे की चर्चला जोडलेल्या शाळांतून त्यांना लहानपणीच ही लिपी शिकवली जाई. जुन्नरच्या मुलाने दहावी होता होता ती शिकायला घेतली, तर रोज अर्ध्या तासाच्या अभ्यासाने वर्षभरात कामापुरती येते.

दौऱ्याची सुरुवात कागदाने होते. 'मूव्हमेंट ऑर्डर' म्हणजे कोणी, कोठे, केव्हा आणि कोणत्या गाडीने जायचे याचा लेखी हुकूम निघतो. मुख्य तुकडीच्या आधी चार-सहा जणांची 'अ‍ॅडव्हान्स पार्टी' राहण्या-जेवण्याची व्यवस्था पाहण्यासाठी रवाना होते. मागाहून बँड निघतो. प्रत्येकाजवळ काळी लोखंडी पेटी, बिस्तरा आणि वाद्याची केस असते. यांपैकी पेटी व बिस्तरा सामानाच्या ढिगात गेले तरी चालतात, वाद्य मात्र वादकाने स्वतःच्या हाताने चढवावे आणि उतरवावे. केसमध्ये वाद्याखेरीज काहीही कोंबू नये, हा नियम नवा माणूस हमखास मोडतो. रिकाम्या कोपऱ्यात दाढीचे सामान किंवा घरून आलेली चिवड्याची पुडी बसवली जाते, गाडीच्या हादऱ्याने ती वस्तू आत फिरत राहते आणि मुक्कामावर केस उघडल्यावर ट्रम्पेटच्या दट्ट्याच्या नळीला पोचा पडलेला दिसतो. नळीच्या टोकाला पडलेला पोचा दिसायला वाईट असतो, पण वाद्य वाजते. दट्ट्याच्या भिंतीला भाताच्या शितापुरता पोचा आला तरी दट्टा अडकतो, आणि कारागिरांची दुकाने असलेली मेरठची जली कोठी दर मुक्कामाच्या शेजारी नसते.

माउथपीस, म्हणजे ओठांना लागणारा वाद्याचा भाग, वेगळ्या पिशवीत घालून खिशात ठेवावा. तो हरवला तर दुसऱ्याचा वापरता येतो असे वाटते. परंतु एकाच्या ओठांना सवयीची झालेली कड दुसऱ्याला परकी असते आणि अशा उसन्या माउथपीसवर पहिल्या दिवशी वरचे स्वर सहसा नीट निघत नाहीत.

हवामानाचा विषय येथे सविस्तर पाहिला पाहिजे, कारण दौऱ्यावरील बहुतेक फजित्या त्यातून होतात. फुंकून वाजवायच्या वाद्यात आतील हवेचा स्तंभ कंप पावतो. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो आणि स्वर चढतो, गारठली की उतरतो. हा फरक दर अंशाला सुमारे तीन सेंट इतका असतो. हार्मोनियमवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले तर त्यांतील एका भागाला सेंट म्हणतात. बेळगावात दुपारी तीस अंशांत जुळवलेले वाद्य जानेवारीत दिल्लीला प्रजासत्ताक दिनाच्या तालमीसाठी पहाटे दहा अंशांत बाहेर काढले, तर ते अर्ध्या पट्टीहून अधिक उतरलेले असते. त्यातही श्वासाने वाद्य गरम होत जाते, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतील स्वर आणि विसाव्या मिनिटातील स्वर सारखे राहत नाहीत. म्हणून थंडीत जुळवणी करण्यापूर्वी न वाजवता नुसती उबदार फुंकर वाद्यातून सोडत राहावी, दोन धुनांच्या मध्ये मिळणाऱ्या थांब्यातही ती सोडावी आणि माउथपीस मुठीत धरून गरम ठेवावा. लाकडी क्लॅरिनेट थंडीत एकदम जोरात वाजवल्यास आतून गरम व बाहेरून गार राहून त्याला तडा जातो. उघड्या मैदानासाठी प्लॅस्टिकचा क्लॅरिनेट घेतात तो याच कारणाने, स्वस्त म्हणून नव्हे.

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनची रीड, म्हणजे बोरूच्या जातीच्या गवतापासून तासलेली आणि सनईच्या जिव्हाळीचे काम करणारी पट्टी, ही याहून नाजूक गोष्ट आहे. राजस्थानच्या कोरड्या हवेत ती वाळून वाकते आणि कोकणपट्टीत ओल धरून फुगते. दौऱ्यावर निदान चार रीड आलटून पालटून वापराव्यात, त्यांवर पेन्सिलीने आकडे घालावेत आणि प्रत्येक वापरानंतर पुसून सपाट काचेवर किंवा रीडच्या डबीत ठेवाव्यात. सर्वांत गोड वाजणारी रीड रोजच्या तालमीत झिजवून टाकणे आणि मुख्य कार्यक्रमाला नवी कोरी रीड लावणे, ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते. लेह-लडाखकडे दौरा असेल तर विरळ हवेची सवय होण्यासाठी लष्कराच्या नियमानुसार नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यात पहिले सहा दिवस काढावे लागतात. या काळात मशकबाजावाल्याने ताकद दाखवण्याच्या भरीस पडू नये.

तालीम आणि कार्यक्रम यांतील खरी परीक्षा उभे राहण्याची असते. प्रमुख पाहुणे येण्यापूर्वी बँड तासभर आधी मैदानात लागतो आणि त्या तासात हलायचे नसते. ताठ उभ्या माणसाच्या पोटऱ्यांचे स्नायू स्वस्थ राहिले की पायांतील रक्त वर परतत नाही, मेंदूला ते कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. गुडघे मागे ताणून कुलूप घातल्यासारखे उभे राहणाऱ्याला हे लवकर होते. गुडघ्यांत किंचित ढील ठेवावी, बुटाच्या आत पायाची बोटे सतत आवळावी व सोडावी, टाचांवरचा भार पंजांवर घ्यावा. बाहेरून यांपैकी काहीच दिसत नाही. सकाळी उपाशी जाऊ नये. तहान लागली तरी मध्येच लघवीला जाता येणार नाही म्हणून पाणीच न पिण्याची युक्ती अनेक नवे वादक करतात. त्यापेक्षा आदल्या रात्रीपासून थोडे थोडे पाणी पीत राहून मैदानात लागण्यापूर्वी मोकळे होऊन यावे. कान गरम होणे, जांभई येणे आणि समोरचा आवाज लांबून आल्यासारखा वाटणे ही चक्कर येण्याची पूर्वसूचना असते. ती मिळताच उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्या वरिष्ठाला, ठरलेल्या खुणेने कळवून मागे सरकावे.

चालताना वाजवण्याचे तंत्र वेगळे आहे. नेहमीची 'तेज चाल' मिनिटाला १२० पावलांची आणि पाऊल ३० इंचांचे असते. वरातीतला बँडवाला नाचणाऱ्यांच्या मर्जीने थांबत थांबत सरकतो, त्यामुळे त्याच्या पायाला लय असली तरी माप नसते. टाच आपटत चालल्यास प्रत्येक पावलाचा हादरा माउथपीसमधून दातांवर येतो व ओठ आतून सोलवटतो. टाचेपासून अंगठ्यापर्यंत पाऊल गुंडाळत टाकावे आणि कमरेवरचे अंग पाण्याने भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखे स्थिर ठेवावे. ट्रॉम्बोनवाले बहुधा पहिल्या रांगेत असतात, कारण त्यांच्या सरकत्या नळीला पुढे मोकळी जागा लागते. नजर ड्रम मेजरच्या दंडावर, म्हणजे बँडच्या अग्रभागी चालणाऱ्या नायकाच्या हातातील लांब काठीवर असावी. थांबणे, वळणे, धून बदलणे किंवा तोडणे हे सर्व हुकूम त्या काठीने मिळतात. संपूर्ण बँड जेव्हा रांगांमधून रांगा काढत उलट फिरतो, तेव्हा शेजारचा माणूस अर्ध्या हाताच्या अंतरावरून विरुद्ध दिशेने जातो. ही कवायत घरी शिकता येत नाही, पण तालुक्यातील ज्या मुलांनी शाळेत लेझीम खेळली आहे त्यांना ती लवकर साधते. मराठा लाइट इन्फंट्रीचे झांज पथक लष्करी प्रात्यक्षिकांत नावाजले गेले आहे आणि त्यातील पावले जुन्नरच्या कोणत्याही यात्रेत ओळखीची वाटतील.

ओठांची निगा हा हसण्याचा विषय नाही. थंडीत ओठ फुटले तर पितळी वाद्याचा वादक आठवडाभर निकामी होतो. रात्री झोपताना साजूक तूप किंवा खोबरेल लावावे, मात्र वाजवण्याआधी ते पुसून टाकावे, नाहीतर माउथपीस घसरतो. लंगरचे, म्हणजे लष्करी स्वयंपाकघराचे, जेवण साधे व पोटभर असते. अडचण येते ती वाटेतल्या स्थानकांवरील तिखट-खारट खाण्याने, कारण जास्त मिठाने ओठ सुजल्यासारखे जड होतात. सकाळी पाच ते दहा मिनिटे हलके लांब स्वर काढावेत आणि कार्यक्रमानंतरही तेवढाच वेळ मंद्र स्वर वाजवून ओठ सैल करावेत. कानांबाबत एवढे सांगणे पुरे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसतो, त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि बँडच्या मधोमध आवाज शंभराच्या वर सहज जातो. तालमीच्या वेळी कानात बोळे घालावेत.

परदेश दौऱ्याचे आकर्षण स्वाभाविक आहे. १४ जुलै २००९ रोजी पॅरिसमधील फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात भारतीय तुकडीच्या अग्रभागी मराठा लाइट इन्फंट्री होती, ही गोष्ट बेळगावच्या केंद्रात आजही अभिमानाने सांगितली जाते. तथापि असे दौरे थोड्यांच्याच वाट्याला येतात. बहुतेक वादकांचा प्रवास एका छावणीतून दुसऱ्या छावणीत होतो. शिवाय वादक हा आधी सैनिक असतो. त्याला बंदूक चालवता यावी लागते, आणि युद्धाच्या काळात वाद्ये कोठारात ठेवून जखमींना स्ट्रेचरवरून मागे आणण्याचे व प्रथमोपचाराचे काम बँडकडे येते. ज्याला केवळ वाजवायचे आहे, त्याने हे ऐकून दुसरा मार्ग धरला तर त्यात कमीपणा नाही.

रजेच्या दिवसांचाही बंदोबस्त करावा लागतो. वाद्य सरकारी असल्याने ते भांडारातच राहते आणि महिनाभर काहीही न वाजवता परतलेल्या वादकाचे ओठ मऊ पडतात. ब्रासवाल्याने स्वतःच्या मालकीचा माउथपीस घरी न्यावा आणि नुसत्या त्यावरच रोज वीस मिनिटे भुणभुण करावी. मशकबाजावाल्याजवळ 'प्रॅक्टिस चँटर' म्हणजे पिशवीविना फुंकायची हलक्या आवाजाची नळी असावी, तिचा शेजाऱ्यांना त्रास होत नाही. पूर्वी असा सराव उसाच्या कडेला किंवा विहिरीवर जाऊन करीत. पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याचा वावर वाढल्यापासून तिन्हीसांजेनंतर अंगणच बरे. यात्रेच्या वेळी गावचा बँडवाला मित्र ट्रम्पेट हातात देऊन चार गाणी वाजवण्याचा आग्रह करतो. घरगुती आनंदासाठी तो मोडण्याचे कारण नाही. परंतु गणवेशात वाजवू नये आणि पलटणीच्या लेखी परवानगीवाचून सुपारीतला वाटा घेऊ नये, कारण नोकरीत असताना दुसरीकडे मोबदला घेऊन काम करण्यास सैनिकाला मनाई आहे.